बुचाखालची हवा

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बूचकाका म्हणत. हे नाव मी ठेवलेलं नाही, मी आले तेव्हा ते आधीच रुळलेलं होतं. हा माणूस कुठेही बसला तरी समोरच्या बाटलीचं बूच एकदा पिळून बघणारच. थर्मास असो, औषधाची बाटली असो, दुसऱ्याच्या डब्याचं झाकण असो. एकदा बोलता बोलता त्यांनी साहेबांच्या टेबलावरची पाण्याची बाटली अशी घट्ट केली की साहेबांना ती दिवसभर उघडता आली नाही. शिपायाला बोलवायला साहेबांना लाज वाटली आणि ते तहानलेले बसून राहिले. आम्ही बायका हसून हसून दमलो.

काकांचं काम पाण्याचे नमुने आणण्याचं. शहरातले नळ, विहिरी, कूपनलिका, कारखान्यांच्या मागून येणारे नाले, सगळीकडे ते जीप घेऊन फिरायचे. त्यांनी नोकरी धरली तेव्हा प्रयोगशाळेत मुख्यतः जंतू बघत आणि जोडीला क्षार. जंतूंसाठी बाटली भरायची तर ती काठोकाठ भरायची नसते. वर दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, म्हणजे तपासणीच्या आधी बाटली चांगली घुसळता येते आणि जंतू सगळीकडे सारखे पसरतात. दोन बोटं हवा ठेवायची, बूच घट्ट लावायचं, आणायचं आणि घुसळायचं. काकांच्या हाताला हे इतकं बसलं होतं की घरी दुधाचा डबासुद्धा ते दोन बोटं रिकामा ठेवतात, असं त्यांची बायको सांगायची.

मग आमच्याकडे नवं मशीन आलं आणि त्याच्यामागोमाग मी आले. मशीनचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं मशीन म्हणतो. कारखान्यात लोखंडाचे सुटे भाग धुवायला, रंग पातळ करायला, कपड्यांवरचे डाग काढायला जे द्राव वापरतात ते जमिनीत मुरून विहिरीत उतरले तर हे मशीन पकडतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. मशीन त्या पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडतं, बुडबुड्यांबरोबर हे द्राव बाहेर ओढतं, आणि एका केसासारख्या बारीक, लांब नळीतून त्यांची शर्यत लावतं. प्रत्येकाची धाव वेगळी. जो ज्या वेळेला बाहेर पडतो त्यावरून त्याचं नाव कळतं. पडद्यावर सपाट रेघ चाललेली असते, त्यात टेकाड दिसलं की समजायचं कोणीतरी आलं. टेकाड जितकं उंच, तितकं विष जास्त.

पण हे द्राव मोठे चंचल. राहतात पाण्यात, ओढ सगळी हवेकडे. जरा फट मिळाली की हातावर तुरी देऊन पसार. म्हणून त्यांच्यासाठी मोठी बाटली चालत नाही. तपकिरी काचेची अंगठ्याएवढी कुपी असते. ती इतकी भरायची की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहावं, मग त्यावर बूच अलगद सरकवायचं. कुपी उलटी करून टिचकी मारायची. वाटाण्याएवढा बुडबुडा जरी वर गेला तरी ती कुपी फेकून द्यायची.

हे शिकवायला कंपनीचा एक माणूस आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, फाडफाड बोलणं. आमच्याच टेबलावर, आमच्याच नळाखाली, पंख्याच्या वाऱ्यात त्याने कुप्या भरून दाखवल्या. हवा नको, हवा नको, हे त्याने इतकं घोकलं की मला झोपेतही ऐकू आलं असतं. कुपी कुठे भरायची, हे तो बोललाच नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नसणार. जिथे नमुना घ्यायचा तिथेच ती भरायची, हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं. साहेब मागे बसून डुलक्या घेत होते आणि त्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. आजही तो इस्त्रीचा शर्ट आठवला की माझं डोकं फिरतं.

आता हे बाहेर करून बघा. हापशाला धार एकसारखी नाही, वारा सुटलेला, नमुना टिकावा म्हणून कुपीत आधी घातलेले आम्लाचे थेंब उडून बोटं चुरचुरतायत, मागे बादल्या घेऊन बायका खोळंबलेल्या. पहिल्या आठवड्यात काकांनी आणलेल्या जवळजवळ सगळ्या कुप्यांत बुडबुडे निघाले. साहेब सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. परदेशातून येतात कुप्या, तुमच्या खेळण्यातल्या नाहीत, असं काहीबाही. उभी हयात बुचं घट्ट लावण्यात गेलेल्या माणसाला बूच लावता येत नाही असं ऐकायला लागलं.

पुढच्या आठवड्यापासून काकांच्या कुप्या निर्दोष यायला लागल्या. एकात बुडबुडा असेल तर शपथ. नवीन पोरं आली की साहेब काकांची कुपी उलटी करून दाखवायचे, असं काम पाहिजे म्हणून. आमच्याकडे वाईट काम झालं तर चौकशी होते, चांगलं कसं झालं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मला बिनबुडबुड्याच्या कुप्या मिळत होत्या, माझं काम सुरळीत चाललं होतं, एवढंच मी बघितलं.

काकांना एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा तिनेच यांना वाढवलं. शिवणकाम करून शिकवलं, नोकरीला लावलं. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला ती अजून बाळ्या म्हणायची. एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून बैठ्या घरांची एक ओळ होती, त्यात शेवटच्या घरी ती एकटी राहायची. शिवणाचं मशीन खिडकीशी, खिडकी भिंतीशी, आणि भिंतीपलीकडे दिवसभर लोखंडी भाग धुतल्याचा आवाज. सगळ्या ओळीला मिळून एक कूपनलिका होती, तिचं पाणी टाकीत चढायचं आणि नळाला यायचं.

त्या पाण्याला वास येतो असं ताईने पहिल्यांदा सांगितलं. घाण वास नव्हे, गोडसर. ड्रायक्लीन करून आणलेला कोट कपाटातून काढावा तसा. तिने पाणी प्यायचं बंद केलं, शेजारणींनाही पिऊ नका म्हणाली, आणि लांबच्या नळावरून घागरी वाहायला लागली. तिचे गुडघे आधीच गेलेले. काकांना ते बघवेना. ते म्हणाले, "ताई, थांब. तुझं पाणी मी स्वतः तपासून आणतो. तुझा भाऊ असतो कुठं?"

त्यांनी नमुना आणला, मी तो मशीनवर लावला. रेघ सपाट. आमच्या अहवालात अशा वेळी दोनच शब्द असतात, ‘आढळले नाही’. याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. मशीनला दिसेल इतकं आमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढाच होतो. पण हे कोणी कोणाला समजावायचं, पालथ्या घड्यावर पाणी. काकांनी तो कागद ताईला मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळ्या ओळीसमोर त्या नळाखाली ओंजळ धरून स्वतः पाणी प्यायले. त्या दिवसापासून ताई ते पाणी प्यायला लागली आणि ती प्यायली म्हणून सगळी ओळ प्यायली. वास येतो म्हणून कोणी तक्रार केली तर ताई सांगायची, "माझ्या भावानं तपासलंय. वास काय, टाकीचाही येतो."

तरी काका दर काही महिन्यांनी तिथला नमुना आणायचेच. जिवाला बरं वाटतं म्हणायचे. नमुने ठेवायची खोली माझ्या खोलीला लागून होती, मध्ये नुसतं अर्धं दार. दुपार कलली की जीप यायची, बाटल्या उतरायच्या, आणि थोड्या वेळाने पलीकडून काकांचा आवाज यायचा, "आली आमची ताई." मग तो गोडसर वास माझ्यापर्यंत पोचायचा. ते हसायचे, मीही हसायचे. म्हणायचे, "काका, आज ताईंनी कोट घातलेला दिसतोय." मशीनने काही नाही म्हटलं होतं ना, मग वासाला कोण विचारतो. आमच्या अहवालात वासाला रकानाच नव्हता.

अशी वर्षं गेली आणि ताई आजारी पडली. आधी भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं. यकृत गेलं म्हणाले. काकांनी रजा टाकली आणि ते दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसले.

त्याच सुमारास त्या ओळीचा नमुना घ्यायची वेळ आली. काका नाहीत म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर मला बाहेरच्या कामाचा कंटाळा. मोठी बाटली न्या, भरा, उचला, एवढं कोण करतो. मी पर्समध्ये चार कुप्या टाकल्या आणि तिथल्या नळाखालीच भरल्या. कोपरापर्यंत भिजले, दोन कुप्यांत बुडबुडे राहिले त्या फेकल्या, दोन कशाबशा जमल्या. त्या बर्फाच्या पेटीत ठेवून आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ सपाट चालली होती, ती एका जागी वर उठली आणि उठतच गेली. टेकाड कसलं, भिंतच ती. पडद्याबाहेर गेली.

मला पहिल्यांदा माझीच शंका आली. कुणीतरी खोलीत द्राव सांडला असेल, हात धुतले नसतील. मी सगळं पुसून काढलं आणि शुद्ध पाणी लावून बघितलं. सपाट. दुसरी कुपी लावली, पुन्हा भिंत. परत जाऊन पाणी आणलं, पुन्हा तेच. साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, "साप साप म्हणून भुई धोपटू नका. इतक्या वर्षांत काकांच्या कुप्यांत कधी आलं नाही. तुमच्या हातून काहीतरी होतंय. काकांना बोलवा, त्यांना घेऊ दे नमुना."

काका दवाखान्यातून परस्पर आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. जीप घेऊन गेले आणि पाणी घेऊन आले. आणि मी पहिल्यांदा अर्धं दार उघडून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

टेबलावर मोठी बाटली होती. वर दोन बोटं हवा. उन्हातून, खड्ड्यांतून हेलकावे खात आलेली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरून चांगली घुसळली, जंतूंच्या काळात घुसळायचे तशी. मग बूच काढलं. गोडसर वास आला. "आली ताई," असं त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, हसले मात्र नाहीत. आधी क्षारवाल्यांसाठी एका भांड्यात ओतलं, मग जंतूवाल्यांसाठी. बाटली तोवर उघडीच. सगळ्यांचं वाटप झाल्यावर त्यांनी कुपी घेतली आणि काठावरून अशी सावकाश धार सोडली की बघत राहावं. पाणी वर फुगलं, थरथरलं, सांडलं नाही. बूच सरकवलं, कुपी उलटी केली, टिचकी मारली. नावालाही बुडबुडा नाही.

मी विचारलं, "काका, नेहमी असंच भरता?"

"मग? तिथं वाऱ्यात कुठं भरणार? निम्म्या वाया जातात. साहेब बोलले होते त्या वेळी, आठवतंय ना? इथं टेबल आहे, हात स्थिर राहतो."

माझी नजर बाटलीवरून हलेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग तिच्यातल्या त्या मोकळ्या जागेकडे. काका काही बुद्धू नव्हते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आत्ता जो वास आला, तो कुठं असतो?"

"हवेत."

"आणि मशीन काय मोजतं?"

"पाण्यात उरलेलं."

ते स्टुलावर बसले. हातातली कुपी त्यांनी खाली ठेवली नाही. "म्हणजे मी ते इथं उडवून लावायचो," ते म्हणाले, "आणि उरलेलं तुम्हाला द्यायचो."

तरीही मी ती कुपी मशीनवर लावली, कारण साहेबांना दाखवायचं होतं. काका माझ्यामागे उभे राहिले. त्यांना तिथे टेकाड यायला हवं होतं, हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. थोडं तरी आलं असतं तर चूक थोडी लहान झाली असती. रेघ त्या जागी जेमतेम हलली आणि पुढे गेली. नोंद करायच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. नियमाने लिहायचं तर ‘आढळले नाही’.

पुढचं सगळं बैल गेला आणि झोपा केला. कूपनलिकेला सील लागलं, ओळीत टँकर यायला लागला. कारखान्यावर खटला झाला तेव्हा त्यांच्या वकिलाने आमचेच शिक्क्याचे अहवाल पुढे केले. एवढी वर्षं सरकारी प्रयोगशाळेला काही सापडलं नाही, म्हणजे पाणी स्वच्छ होतं, आत्ता कुठूनतरी काही आलं असेल, आमचा काय संबंध. चोराच्या उलट्या बोंबा, पण त्या मारायला कागद आम्हीच पुरवले होते. साहेबांनी काकांकडून लेखी खुलासा मागवला. शिकवणाऱ्याकडून, डुलक्या काढणाऱ्याकडून किंवा अर्ध्या दारापलीकडे वास घेऊन हसणाऱ्या माझ्याकडून कोणी खुलासा मागवला नाही. मी साहेबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात. होतेच मी.

ताई यातून उठली नाही. काकांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे पाण्याने झालं का. डॉक्टर भला माणूस, त्याने खोटं सांगितलं नाही. यकृत शंभर कारणांनी जातं, पाण्याने गेलं असेलही, नसेलही, एका माणसाबद्दल असं ठरवता येत नाही. काका मला म्हणाले, "आपल्या अहवालासारखंच बोलतात तेही." त्यांना शिक्षासुद्धा धड मिळाली नाही. मी बहिणीला मारलं, असं ते म्हणू शकत नव्हते आणि नाही मारलं, असंही म्हणू शकत नव्हते. त्यांचं मधल्यामध्ये लोंबकळणं मी रोज बघत होते.

ताई गेल्यावर काही दिवसांनी काका कामावर आले. बाहेरची फेरी त्यांच्याकडून काढून घेतली होती, बाटल्या विसळायचं काम दिलं होतं. ते मोरीशी उभे होते, मी बाजूला कुप्या पुसत होते. नळ चालू ठेवून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी हिय्या करून ताईला सांगायचं ठरवलं. ती शुद्धीवर होती. पलंगाशेजारी शेजारीण बसलेली, स्टुलावर पाण्याची बाटली. दवाखान्याचं पाणी ताईला बेचव लागायचं म्हणून सील लागायच्या आधी शेजारणीने घरच्या नळाचं पाणी भरून ठेवलं होतं, त्यातलंच, ताईच्या भावानं तपासलेलं म्हणून, ती थोडं थोडं आणून देत होती. काकांना हे तोवर माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "ताई, तुझं पाणी खराब होतं गं. पहिल्यापासून होतं. मला सापडलं नाही. माझी भरायची पद्धत चुकली."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली.

"तुला सापडलं नाही म्हणजे नसेलच, बाळ्या," ती म्हणाली. "तुझ्या हाफिसातले कोणीतरी तुझ्यावर जळतात. तू नको मनाला लावून घेऊस."

"नाही ताई, खरंच होतं. मशीनवर दिसलं."

"त्या मशीनला काय कळतंय. तू स्वतः प्यायलास ना माझ्यासमोर?"

आणि तिने शेजारणीला खूण केली. शेजारणीने बाटली उघडली. तो वास खोलीत आला. काकांनी बाटली काढून घ्यायला हात पुढे केला, पण ताईला वाटलं तेच पाजतायत, म्हणून तिने त्यांच्याच हाताला धरून बाटली तोंडाला लावली आणि दोन घोट घेतले. काकांच्या समाधानासाठी घेतले. मग उशीवर मान टाकून म्हणाली, "बघ. काही होत नाही."

काकांनी नळ बंद केला. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत, काका?"

"काय करणार," ते म्हणाले. "बूच लावलं. घट्ट."